माहेरचा रकाना

“माहेर कुठलं?”

नोंदणीच्या खिडकीवर आलेल्या प्रत्येक बाईला शिंत्रेबाई हे विचारायच्या. कुणी तापाने फणफणलेली असो, कुणाच्या पायात काटा मोडलेला असो, कुणी नुसती डोळे तपासायला आलेली असो. बायका गोंधळायच्या. काहींना वाटायचं, बाई ओळख काढतायत. मग त्या भाऊ कुठल्या कंपनीत आहे, वहिनी कशी आहे, सगळंच सांगत बसायच्या. बाई तेवढं ऐकत नसत. गावाचं नाव आणि वडिलांचं नाव कानावर पडलं की केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायच्या आणि पुढच्या बाईकडे वळायच्या.

तळेगावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्या रेकॉर्ड रूमच्या प्रमुख होत्या. मी कॉलेजकडून सहा महिन्यांच्या कामासाठी तिथे गेले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे मी नक्की काय शिकते हे घरी सांगताना मलाच अडखळायला व्हायचं. “दवाखान्यातले कागद सांभाळायचं शिक्षण,” असं मी सांगायचे. वडील म्हणायचे, “त्याला बी कालेज लागतं व्हय?”

पहिल्या दिवशी मी पत्र पुढे केलं, तर बाईंनी ते न वाचता मलाही तोच प्रश्न विचारला.

“मॅडम, माझं लग्न नाही झालेलं,” मी म्हटलं.

“म्हणजे अजून माहेरीच आहेस. गाव सांग.”

“सुदुंबरे.”

त्यानंतर त्यांनी मला नावाने हाक मारलीच नाही. “सुदुंबरे, तो वरचा गठ्ठा काढ.” “सुदुंबरे, डबा खाल्लास का?” मला सुरुवातीला थोडा राग यायचा. पण नंतर पाहिलं, त्या सगळ्यांनाच असं बोलवायच्या. सफाईच्या मावशी ‘कामशेत’ होत्या, एक्स-रेवाले दादा ‘वडगाव’. प्रशासक साहेब पुण्याचे होते, त्यांना मात्र त्या साहेबच म्हणायच्या. त्यांची पाठ वळली की ‘पुणे’.

बाई एका जागी टिकत नसत. खुर्ची होती, तिच्यावर फायली बसलेल्या असायच्या. त्या उभ्यानेच लिहायच्या, उभ्यानेच पोळीची गुंडाळी खायच्या, आणि लिहिता लिहिता एक पाय सारखा हलत असायचा. एखादी फाइल रॅकवर ठेवून त्या चार पावलं पुढे जायच्या, थांबायच्या, परत यायच्या, ती फाइल अर्धी बाहेर ओढून नाव वाचायच्या आणि पुन्हा आत सारायच्या. दिवसातून असं किती वेळा व्हायचं याची गणती नव्हती. मी एकदा धीर करून म्हटलं, “मॅडम, आत्ताच तर ठेवलीत.”

“ठेवली. पण कुणाची ठेवली?”

मी पुढचा गठ्ठा उचलला.

रॅकमधून फाइल काढली की तिच्या जागी एक लाल पुठ्ठा लावायचा, त्यावर कुणी नेली ते लिहायचं, हा तिथला नियम होता. एका तरुण डॉक्टरांनी एकदा घाईत फाइल तशीच उचलून नेली. बाई तो लाल पुठ्ठा घेऊन त्यांच्या ओपीडीत गेल्या, रांगेतल्या बाकावर पेशंटसारख्या बसल्या आणि नंबर आल्यावर आत जाऊन म्हणाल्या, “माझी एक फाइल दुखतेय, डॉक्टर.” डॉक्टर हसले. त्यांनी मुकाट्याने पुठ्ठ्यावर सही केली. बाई हसल्या नाहीत.

माहेरच्या प्रश्नाचा अर्थ मला माझ्याच आईमुळे कळला. मी बोलता बोलता सांगितलं होतं की माझा जन्म याच दवाखान्यातला. दुसऱ्या दिवशी बाई संगणकावर आईचं नाव शोधत होत्या. सुदुंबऱ्याचं आडनाव टाकलं, तर नंतरच्या आजारपणाची नोंद आली, बाळंतपणाची नाही. वडिलांचं नाव टाकलं, नाही. मग विचारलं, “आईचं माहेर?” मी म्हटलं, “बेगडेवाडी.” आजोबांचं नाव विचारलं. पंधरा मिनिटांनी त्या मागच्या रॅकमधून एक पिवळी पडलेली फाइल घेऊन आल्या. तिच्यावर आईचं नाव, पुढे आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव होतं. आत माझं वजन लिहिलेलं होतं.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “आबांनी सांगितलं आसंल नाव. पहिलं बाळातपण म्हायेरी, घेऊन गेलं ते आबाच. त्यांच्या ध्यानात कुटं ऱ्हायलं पोरीचं लगीन झालंय ते.”

आमच्याकडे असंच असतं. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, खिडकीवर वडील किंवा भाऊ उभा असतो आणि तो आपल्या घरचं नाव सांगतो. दुसऱ्या वेळी तीच मुलगी सासरहून येते, बरोबर नवरा असतो. बाई एकच, फायली दोन. दोन्ही दोन वेगळ्या रॅकवर, आणि एकीला दुसरीची खबर नाही.

दवाखान्यात नवीन सॉफ्टवेअर येणार होतं. त्या कंपनीचा प्रणव नावाचा मुलगा एक दिवस ते दाखवायला आला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. बोलायला गोड होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर “बरोबर आहे ना मॅडम” असं म्हणायचा. सॉफ्टवेअर काय करणार, तर सगळ्या जुन्या नोंदी तपासून ज्यांची नावं, वयं आणि मोबाइल नंबर जुळतात, त्यांची एकच नोंद करून टाकणार. ती जोडणी झाली की कागदी फायलींची गरज संपणार आणि त्या लगद्याला जाणार. साहेबांना रेकॉर्ड रूमच्या जागी सोनोग्राफीचं मशीन बसवायचं होतं.

प्रणवने बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं की एक दुहेरी नोंद सापडली. एकाच गावच्या, एकाच नावाच्या, नवऱ्याचं नावही तेच, मोबाइलही एकच. सॉफ्टवेअरने दोन्ही जोडून टाकल्या.

बाई पुढे वाकून वाचत होत्या. “या दोघी आहेत,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, सगळं मॅच होतंय. मोबाइल नंबरसुद्धा.”

“तो नंबर त्यांच्या गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंचा आहे. त्या गावातल्या निम्म्या बायकांच्या केसपेपरवर तोच आहे. आणि गावात आडनाव एकच, सगळी भावकी. यातली एक वरच्या आळीची, तिला साखर आहे. दुसरी खालच्या आळीची, तिला काही नाही. तुम्ही आत्ता तिला साखरेच्या गोळ्या चालू केल्यात.”

प्रणव म्हणाला, “असे अपवाद असतात मॅडम. पण माणूस जास्त चुकतो, बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे. आता माझ्या विद्यार्थिनीच्या आईचं नाव टाका, सासरचं आणि माहेरचं.”

त्याने टाकलं. आईच्या दोन नोंदी आल्या आणि दोन्ही वेगळ्याच राहिल्या. नाव जुळत नव्हतं, नंबर जुळत नव्हता.

“दोघींची एक करतंय आणि एकीच्या दोन तशाच ठेवतंय,” बाई म्हणाल्या. “इथे माहेरचा रकाना घाला. आणि जोडायच्या आधी माणसाला विचारू दे त्याला.”

प्रणवने वहीत लिहून घेतलं. ते पुढे गेलं नाही. दोन आठवड्यांनी साहेबांचं पत्र आलं. जोडणी अमुक सोमवारी होईल आणि त्यानंतर आठवडाभरात कागद उचलले जातील, असं त्यात होतं. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी लोणावळ्याला आरोग्य माहिती व्यवस्थापनाचं अधिवेशन होतं. तिथे दवाखान्याच्या वतीने शिंत्रेबाईंनी पंधरा मिनिटं बोलायचं होतं. विषय साहेबांनीच दिला होता: आमच्या दवाखान्याचा कागदमुक्तीकडे प्रवास. ते सत्र प्रणवच्या कंपनीनेच प्रायोजित केलं होतं. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं, ‘दुहेरी नोंदी: शून्य’.

बाईंचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं. दरवर्षी त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळायची, आणि त्या वर्षीचं पत्र यायचं होतं. साहेब मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, “तू त्यांच्याबरोबर जा. स्लाइड्स बदलू देऊ नकोस.” मी मान हलवली. कशासाठी हलवली, ते मलाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी त्या रॅकमधून फिरत होत्या आणि मी त्यांच्या मागे कागद घेऊन भाषणाचा सराव करून घेत होते. तिसऱ्या स्लाइडवर त्या थांबल्या आणि मागच्या कोपऱ्यात गेल्या. तिथून दोन फायली घेऊन आल्या. दोन्हींच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने एकाच गावाचं नाव होतं.

“ही वाच,” त्या म्हणाल्या. मी वाचायला लागले, पण त्यांना धीर नव्हता. त्याच सांगू लागल्या.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. संगीता म्हणू या तिला, खरं नाव मी इथे लिहीत नाही. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरहून आली होती. बाळ आडवं होतं म्हणून ऑपरेशन झालं. बाहेर पोटावरचा टाका नेहमीसारखा आडवा, पण आत गर्भपिशवीवर तो उभा घ्यावा लागला. असा टाका असला तर पुढच्या खेपेला कळा येऊ द्यायच्या नाहीत, आधीच ऑपरेशन करायचं, हे डॉक्टरांनी फाइलीत स्वच्छ लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला ती सासरहून आली, कळा देतच. डॉक्टरांनी विचारलं, पहिलं ऑपरेशन इथलंच म्हणते, फाइल कुठे? बाईंनी सासरच्या आडनावाने सगळे रॅक पालथे घातले आणि शेवटी चिठ्ठी पाठवली: जुनी फाइल आढळली नाही. डॉक्टरांनी नैसर्गिक बाळंतपणाची वाट पाहिली. पिशवी फाटली. बाळ गेलं. संगीता वाचली, पण पिशवी काढावी लागली.

“तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या कुणाची फाइल शोधत होते. तेव्हा ही हाताला लागली. वडिलांच्या नावाने.”

“मग?”

“मग मी तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, आता सांगून बाळ परत येणार आहे का? जागेवर ठेवून द्या. मी ठेवली.” त्यांचा पाय हलत होता. “मी नेहमी फाइल जागेवरच ठेवते.”

मी विचारलं, “उद्या तुम्ही हे बोलणार आहात?”

“हे बोलल्याशिवाय त्या लोकांना रकाना कशाला हवा ते कळणार नाही. पण ही गोष्ट माझी नाही. तिची आहे. तिला विचारायला लागेल.”

शनिवारी सकाळी आम्ही तळेगावहून लोकल पकडली. बाईंनी राखाडी साडी नेसली होती आणि पर्समध्ये भाषणाचा कागद होता. कान्हे आलं तशी त्यांनी मला हाताला धरून उठवलं. “उतर.”

“मॅडम, आपलं साडेअकराला आहे. यानंतर दुपारपर्यंत गाडी नाही.”

“उतर, सुदुंबरे.”

स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर ती वाडी आली. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरं मोकळी होती. बाई इतक्या वेगाने चालत होत्या की मला धावावं लागत होतं. मधेच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ती घरी नसली तर बरं.” आणि पुन्हा चालायला लागल्या.

संगीता घरी होती. अंगणात तिची सासू वालाच्या शेंगा सोलत बसली होती. संगीता गोठ्यातून हात पुसत बाहेर आली. तिने बाईंना ओळखलं.

“बाई, तुमी? हितं कुटं?”

“तुझ्याशी बोलायचंय. आत बसू या का?”

“बोला की. म्हाताऱ्या हायती, त्यांच्यापासून काय झाकायचं.”

बाई आत गेल्या नाहीत, पण अंगणाच्या पलीकडच्या कडेला, सासूला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी उभ्या राहिल्या. मी थोडी मागे होते. बाईंनी सांगितलं. रोज बोलायच्या तसंच सांगितलं, लहान वाक्यांत, मधे रडणं नाही, माफी नाही. फाइल होती. मी शोधली ती चुकीच्या नावाने शोधली. सापडली असती तर डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं असतं. तिसऱ्या दिवशी सापडली आणि मी तुला सांगितलं नाही. आज लोणावळ्याच्या सभेत हे सांगायचंय, ते तुला विचारून.

संगीता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“आठव्या म्हयन्यात मी लावणीला गेलते,” ती म्हणाली. “दोनच दिस. आत्या नगं म्हनत व्हत्या, तरी गेलते. त्यांनी तवापासून धरून ठेवलंय, तू वाकली म्हनून पोरगं गेलं. माझ्या बी मनात तेच.” मग तिने बाईंकडे पाहिलं. “मी वाकले म्हनून नव्हतं ते?”

“नाही. वाकल्याने नव्हतं.”

“मंग हे तवा सांगायचं व्हतं.”

“हो.”

“आता लोनावळ्याला जाऊन सांगताय व्हय. साहेबलोकांना.” तिचा आवाज चढला नव्हता. “आदी हितं सांगा. आत्यांना सांगा.”

बाई वळल्या. मी त्यांना कधी असं चालताना पाहिलं नव्हतं. एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं. त्या सासूच्या समोर जाऊन जमिनीवर बसल्या. चांगल्या साडीवर. आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने, कारण म्हातारीला कमी ऐकू येत होतं. म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हंजी हिनं काय केलं नव्हतं?” म्हातारी म्हणाली.

“नाही आजी. माझ्याकडून झालं.”

“म्या हिला इतकी वरसं बोलत आले.”

म्हातारीने सुनेकडे पाहिलं नाही. शेंगांचं सूप बाजूला सारलं, उठायला हात टेकला, उठवेना. संगीता पुढे झाली आणि तिने काखेत हात घालून तिला उठवलं. तसं उभं राहिल्यावर म्हातारी बाईंना म्हणाली, “तुमी जावा आता. पानी पिऊन जावा, पर जावा.”

संगीताने तांब्या आणला. आम्ही पाणी प्यालो. निघताना ती वाटेपर्यंत आली.

“माझं नाव नका घेऊ तितं. पर झाकू बी नका काय.”

मी सारखी घड्याळ बघत होते. शेअर रिक्षा भरायला वेळ लागला, कामशेतला एसटी मिळाली, ती घाटाच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांमुळे रखडत गेली. लोणावळ्यात हॉटेलच्या दारात पोचलो तेव्हा बाईंची वेळ होऊन गेली होती.

मी इतकं मोठं हॉटेल आतून पहिल्यांदाच पाहत होते. गालिचा इतका मऊ होता की आपले पाय आपले वाटत नव्हते. सभागृहाबाहेर दोन्ही बाजूंनी कंपन्यांचे स्टॉल. कुणी कपाटाएवढं स्कॅनर मांडलं होतं, कुणी चक्र फिरवून बक्षीस देत होतं, कुणी आमच्या बिल्ल्यांवरचे कोड मोबाइलने टिपत होतं. एका स्टॉलवर एका मुलीने माझ्या हातात पिशवी दिली आणि इंग्रजीत विचारलं, तुमच्या दवाखान्यात किती खाटा. मी मराठीत म्हटलं, मी विद्यार्थिनी आहे. तिने पिशवी परत घेतली नाही, पण चेहरा पुढच्या माणसाकडे वळवला.

साहेब दारातच होते. “मॅडम, कुठे होता? मी चहाच्या आधी दहा मिनिटं मागून घेतलीत. फक्त स्लाइड्स वाचा.”

बाई मंचावर गेल्या. राखाडी साडीला अंगणातली माती लागलेली होती, ती त्यांनी झाडली नव्हती. आम्ही मागे थांबून ऐकलेले आधीचे वक्ते कोटात होते, दिल्लीचे, बंगळूरचे, आणि मंचावर इकडून तिकडे फिरत सराईतपणे बोलले होते. बाई भाषणाच्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. पहिली स्लाइड इंग्रजीत वाचली. दुसरी वाचली. मी बटणाशी बसले होते. तिसरी आली आणि त्या म्हणाल्या, “सुदुंबरे, बंद कर.”

मी बंद केलं. साहेबांकडे बघायचं मी टाळलं.

मग त्या मराठीत बोलल्या. “माझ्या हातून एक बाळ गेलं,” असं त्यांनी सुरू केलं. पुढे बसलेल्या एका बाईंनी मोबाइल खाली ठेवला. शिंत्रेबाईंनी नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. फाइल कशी नव्हती आणि कशी होती, तेवढं सांगितलं. सोमवारी आमच्या दवाखान्यात जोडणी आहे, जोडणारं यंत्र दोघींची एक करतं आणि एकीच्या दोन तशाच ठेवतं, आणि त्यानंतर तपासून बघायला कागदही उरणार नाही, हे सांगितलं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. बाई म्हणाल्या, “झालंच. आज सकाळी मी त्या बाईकडे जाऊन आले. इतकी वर्षं ती स्वतःला दोष देत होती. तिला हे यंत्राने सांगितलं नसतं. मीही सांगितलं नव्हतं.”

टाळ्या वाजल्या, पण कशा वाजवायच्या ते लोकांना कळत नसल्यासारख्या. एक गृहस्थ उठले आणि हिंदीत म्हणाले की हा भावनिक मुद्दा आहे, यावर तांत्रिक उपाय आहेत. मोबाइल खाली ठेवलेल्या बाई उठल्या. त्या नाशिककडच्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “आमच्याकडेही पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. आमच्या फॉर्मवरही रकाना नाही.” मग चहा झाला.

पुढचं आधीच सांगून टाकते. सोमवारची जोडणी झाली नाही. विश्वस्तांपैकी कुणीतरी त्या सभागृहात बसलेलं होतं, त्यांनी साहेबांना फोन केला. आधी हाताने पडताळणी, मग जोडणी, असं ठरलं, आणि कागद अजून रॅकवर आहेत. बाईंच्या मुदतवाढीचं पत्र मात्र आलं नाही. माझ्या सहा महिन्यांच्या कामाचा तो शनिवार शेवटचा दिवस होता, पुढे परीक्षा सुरू झाली. मी परीक्षेनंतर पेढे घेऊन गेले तेव्हा खिडकीवर दुसरंच कुणी होतं. त्यामुळे त्या शनिवारनंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. फोन करते. त्या दोन मिनिटं बोलतात, मग “बरं, ठेव” म्हणतात.

त्या दिवशी संध्याकाळी शेवटचं सत्र संपल्यावर मी त्यांना शोधत बाहेर आले. स्टॉल उतरवायचं काम चालू होतं. उभे फलक गुंडाळले जात होते, टेबलांवरच्या चादरी निघत होत्या, फुकट वाटायच्या पेनांची खोकी चिकटपट्टीने बंद होत होती. प्रणवच्या स्टॉलवर मात्र लॅपटॉप उघडा होता. तो टाय सैल करून उभ्यानेच काहीतरी टाइप करत होता आणि बाई त्याच्या खांद्यामागून बघत होत्या.

“हे माझ्या मशीनवरच आहे हं मॅडम. कंपनीचं नाही. वरून मंजुरी आल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.”

“नको सांगू. दाखव.”

“रकाना टाकलाय. आता तपासायला दोन नोंदी द्या. एकच बाई, नावं दोन.”

बाईंनी सांगितलं, “कुसुम वामन लेले.” त्याने टाइप केलं. “आता मालती श्रीधर शिंत्रे.”

प्रणवची बोटं थांबली. मीही थांबले. माझ्या घरी लग्नात मुलीचं फक्त मधलं नाव आणि आडनाव बदलतं. पहिलं नावही बदलतात, हे मी ऐकून होते, पण बाईंना कधीकाळी कुणी कुसुम म्हणत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

“नाव काहीच जुळत नाहीये,” प्रणव म्हणाला.

“नाहीच जुळत. माहेरच्या रकान्यात रत्नागिरी टाक. वडील वामन लेले. दोन्हीकडे. जन्मतारीख पण दोन्हीकडे सारखी टाक.”

त्याने टाकलं आणि बटण दाबलं. मला वाटलं, पुन्हा हिरवी अक्षरं येणार. पण या वेळी दोन्ही नावं शेजारी शेजारी आली आणि खाली एक प्रश्न आला: ही एकच व्यक्ती आहे का? त्याखाली दोन चौकोन होते, एक होयचा, एक नाहीचा.

“आपोआप जोडत नाही आता,” प्रणव म्हणाला. “विचारतं. तुम्हीच दाबा.” आणि त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

बाईंनी पर्समधून चष्मा काढला. त्या स्क्रीनवर वाकल्या आणि डावीकडचं नाव वाचू लागल्या. मग वडिलांचं नाव, मग गाव. मग उजवीकडचं. माझी सातची लोकल होती, मला निघायलाच हवं होतं. मी म्हटलं, “मॅडम, मी येते.” त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा कुणीतरी हॉलच्या त्या बाजूचे दिवे बंद केले होते. प्रणव खोकं काखेत धरून थांबला होता. बाई लॅपटॉपच्या उजेडात उभ्या होत्या. त्यांचं बोट होयच्या चौकोनावर अधांतरी होतं आणि त्या पुन्हा डावीकडून वाचायला लागल्या होत्या.